शेवटचा आकडा

अजनीच्या कंटेनर डेपोत मी एकतीस वर्षं आकडे लिहिले.
चार अक्षरं, सहा आकडे,
आणि चौकटीतला शेवटचा,
जो बाकीच्यांची साक्ष काढतो.
बंदरांची नावं मला पाठ होती
जशी दुसऱ्या बायकांना चुलत सासवांची:
न्हावा शेवा, जेबेल अली, अल्जेसिरास, मालागा.
समुद्र मात्र एकही पाहिला नव्हता.

रिटायर झाले तशी उत्कर्षानं तिकीट पाठवलं.
ती मालागात लोकांचे डोळे तपासते.
खोब्रागडे काकूंनी विचारलं, "काय हाय वं तिथं पाहासारखं?"
म्हटलं, "ऊन."
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता त्या थांबल्या.
"उन्हासाठी चालली? नागपुरातून?
एवढे पैसे लावून?"

खरंच, ऊनच विकतात तिथं.
वाळूवर माणसं पापडासारखी,
एक बाजू झाली की दुसरी.
मी एकटीच डोक्यावर पदर घेऊन
आणि पर्समध्ये कांदा.
"आई, इथं लू नाही लागत."
असू दे.

रस्त्याच्या कडेनं संत्र्यांची झाडं, खाली सडा,
कोणी वाकून उचलत नाही.
मी उचललं, सोललं,
कडू जहर.
थुंकायला जागा दिसेना, गिळलं.
काटोलच्या बाईनं गिळलं, कोणाला सांगायचं नाही.

गाइड म्हणाला, अठ्ठावीसशे वर्षं
जहाजं येऊन राहिलीत या धक्क्याला.
मग तेवढीच वर्षं कोणीतरी
बसून त्यांची यादीही करून राहिलं असेल.
त्याची पाटी कुठं दिसली नाही.

किल्ला उत्कर्षानं पाहिला.
मी बंदराच्या जाळीला नाक लावून उभी,
पाट्या वाचाव्या तसे कंटेनर वाचत,
शेवटचा आकडा तोंडी काढत.
सगळे बरोबर. एक चुकीचा निघाला,
किंवा मीच चुकले. चाळिशी घरी राहिली होती.
आमच्या डेपोतला असा एकही नव्हता.
समुद्र त्यांच्या मागे होता.
तो मी उद्यावर ठेवला.

परत आले तेव्हा मे, शेहेचाळीस डिग्री.
वर्धा रोडच्या सिग्नलला बुटीबोरीकडे जाणारा ट्रेलर,
वर निळा कंटेनर, खालच्या कडेला
पांढरट पापुद्रा.
हिरवा लागायला अकरा सेकंद होते.
मी बोट फिरवलं, जिभेला लावलं.

खारट.
घामही असेल म्हणा.
मागून हॉर्न वाजायला लागले.