राखाडी आभाळाचे पन्नास फोटो

लिएपायाचं नोव्हेंबरातलं आभाळ
कुणाच्याच कामाला येत नाही.
माझ्या येतं.
ढगाला कड नाही, पक्षी नाही,
उजेड सगळीकडे सारखा सारवलेला.
प्रयोगशाळेच्या गच्चीवर जाऊन
जप्तीतला कॅमेरा वर धरते
आणि काहीच नसल्याचे पन्नास फोटो काढते.

विस्वाल्दिस जिन्यातून ओरडतो, चहा निवतोय.

समोर काही नसलं की कॅमेरा स्वतःबद्दल बोलतो.
सेन्सरचे लाखो कण,
एखादा किंचित हावरा, एखादा मंद.
एकाच कारखान्यात पाठोपाठ जन्मलेल्या दोघांची
खोड एक नसते.
डोळ्याला ती दिसत नाही.
पन्नास फोटोंची सरासरी काढली
की गाळासारखी तळाशी उरते.
जित्याची खोड मेल्यावर तरी जाते,
ही फोटोत शिरून राहते.

स्कैद्रीतेबाईंच्या खिडकीचे सात फोटो होते.
रात्रीचे, बाहेरून.
पडदा, दिवा, बाईंची पाठ.
दर शुक्रवारी नव्या खोट्या पत्त्यावरून ईमेलनं यायचे.
घटस्फोटित नवऱ्याचा कॅमेरा तपासला. नाही.
समोरच्या बोटदुरुस्तीवाल्याचा. नाही.
तिसरा बाईंनी आपणहून आणला,
चौकटीवरच्या ओरखड्यांचे फोटो त्यात होते म्हणून.
सोबत मुलगा, रेनार्स, चौदाचा,
हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले.

तो कॅमेरा तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
सवयीनं गच्चीवर नेला.

आलेख म्हणजे सपाट माळ असतो.
त्यात एक सुळका उठला.
सातही वेळा.
मी संगणक बंद केला, चालू केला,
पुन्हा सात वेळा.

अहवालात लिहिलं:
सातही छायाचित्रं याच यंत्रानं टिपली आहेत.
बटणावरचं बोट कुणाचं,
आणि ते थंडीत किती वेळ उभं होतं,
बाप धावत यावा म्हणून,
की आईनं एकदा तरी मागे वळून बघावं म्हणून,
याला छापील फॉर्मात रकाना नाही.
मी पानाची मागची बाजूही पाहिली.

आभाळाचे फोटो नियमानं दहा वर्षं जपायचे.
फाइलवर तारीख घातली, केस क्रमांक घातला.
एकोणचाळिसाव्यात, अगदी कोपऱ्यात,
एक पांढरं टोक आहे, समुद्रपक्ष्याचा पंख असावा.
सरासरीत तो पुसला गेला.
फोटोत आहे.