काळ्या डोक्याचा कुरव

निफाडला आज पारा चारवर.
द्राक्षबागांच्या कडेनं रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर लोळतो आहे,
आणि मनोऱ्यावर हौशीराम
दुर्बिणीच्या काचेवर फुंकर मारून
मफलरच्या टोकानं ती पुसतो आहे.

"तो बघा ताई, कुरव. काळ्या डोक्याचा."

मी बघते. डोकं पांढरंशुभ्र.
कानामागं फक्त एक ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तीटेएवढा.
"काळं कुठंय?"
"ते तिकडं," म्हणतो तो, आणि हात करतो
चांदवडच्या डोंगरापलीकडं, मालेगावच्याही पलीकडं,
जिथं त्याच्या हिशेबानं उत्तर सुरू होते.

तिकडं म्हणे कडे आहेत, समुद्र त्यांना टकरा देतो.
वारा असा, की पाखरानं उडायचं नाही,
नुसतं रेलायचं.

हौशीरामनं समुद्र पाहिलेला नाही.
मी एकदाच, मुरुडला, शाळेच्या सहलीत,
आणि तेव्हा मला उलट्या होत होत्या.
म्हणून आम्ही दोघं
धरणाच्या दारांमागं साचलेल्या,
पाणवेलींनी अडलेल्या गोदेलाच
थोडा वेळ समुद्र धरून चालतो.
ती काही म्हणत नाही.

वहीत आकडे: चक्रवाक एकशे बारा.
कुरव एकोणतीस.
तीस. एक आत्ता उतरला,
खरबरीत ओरडत,
घशात मीठ अडकल्यासारखा.

"मार्चात या," हौशीराम सांगतो.
"जायच्या आधी एकेकाचं डोकं अंधारत जातं.
आपलं म्हातारपण उलट्या अंगानं."
त्यानं परवाच कलप लावलाय, पोरीच्या साखरपुड्यासाठी;
कानाच्या पाळीवर डाग राहिलाय.
तो मी बघितलेला नाही.

मार्चात गेले.
आवर्तन सुटलेलं, गाळ उघडा, त्यावर म्हशींचे खूर.
एकच कुरव.
डोकं अर्धं भरलेलं,
घाईत कुणी एकच बाही घालून
दारात थांबावं तसा.

नाव पुरं व्हायला अजून चारपाच दिवस हवे होते.
तो थांबला नाही.
वाटेत कुठंतरी, बिनपाण्याच्या मुलखावर,
ते त्यानं पुरं केलं असेल.

हौशीराम धापा टाकत जिना चढून आला.
केसांची मुळं पुन्हा पांढरी.
"कुठंय?"

मी हात केला
मालेगावकडं.