नाक गेलं त्या वर्षी

श्रावणातला ताप उतरला, नाक मात्र घेऊन गेला.
जावकर शेठना मी सांगितलं नाही.
मुरुडच्या वखारीत नऊ वर्षं
मुळ्या हुंगूनच पगार घेत होतो:
पोतं उसवायचं, मूठभर उचलायची, नाकाशी न्यायची,
"घ्या" म्हणायचं, नाहीतर "परत".
आता नाकाशी नेणं नुसती सवय.
ओळखीचं तोंड दिसलं की "घ्या".

मार्गशीर्षात चांगी हिलम आली,
डोक्यावर ओझं, कमरेला कोयता, मागे नातू वाळकू.
तिनं ओच्यातून एक मुळी काढून दिली.
मी हुंगली. डोळे मिटले,
पूर्वी आपोआप मिटायचे तसे.
"छान उपळसरी. गोड वास."
ती हसली नाही.
"कावळी हाय ती. हिला वासच नसतो."

आत शेठ फोनवर भाव करत होते.
दारात सुकटीची टोपली,
तिच्यावर माशा, आणि माझ्यासाठी ती
चित्रातल्या टोपलीसारखी.
चांगीनं आत पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पोत्यावर टेकली.

"हात दे. दोन्ही.
आता डोळं खरंच मीट."

एका तळव्यात उपळसरी, दुसऱ्यात कावळी.
मी नऊ वर्षांत त्यांना कधी हात लावलाच नव्हता,
उचललं होतं फक्त.

उपळसरी बारीक, नागमोडी,
कातळाच्या फटींत वाट विचारत गेलेली.
अंगावर उभ्या चिरा, आणि त्यांना तोडत जाणाऱ्या आडव्या भेगा,
ओहोटीनंतर खाजणातला चिखल तडकतो तशा.
"नख घाल."
घातलं. साल अख्खी सरकली,
बारीक झालेल्या बोटावरून अंगठी उतरावी तशी,
आणि आत तारेसारखा कणखर गाभा.
कावळीची साल सरकेना,
नुसते पापुद्रे निघाले, माझ्या नखात अडकले.

"जीभ तरी हाय ना?"
एक गोड, मागून किंचित चरचर.
दुसरी कडू.
"ओली असती तर दूध दाखवलं असतं.
पाला असता तर पानामधली पांढरी रेघ.
वाळल्यावर एवढंच उरतं.
पण पुरतं."

वाळकूनं चाळीस तुकडे मिसळले.
मी बोटांनी निवडत बसलो,
शेठचा फोन संपायच्या आत.
तीन चुकले.
"माझा आजा पाच चुकायचा," चांगी म्हणाली,
"पिऊन आला की."

मग तिनं आवाज खाली केला.
"दोघातिघांना कळलंय तुझं.
दिवाळीपासनं कावळी भरतायत.
मी नाय भरली."
कोण, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
ओझं काट्यावर ठेवलं. अठरा किलो, दोनशे ग्रॅम.
दोनशे ग्रॅम मी पहिल्यांदाच कापले नाहीत.

त्या रात्री वखारीला आतून कडी घातली.
दिवा लावायची गरज नव्हती.
माझ्या "घ्या"नं थप्पीला लागलेली अकरा पोती
एकेक उसवली.
नख, साल, तार. नख, पापुद्रा.
चार पोती निम्म्याहून जास्त कावळी.
त्याआधीची केव्हाच अलिबागला गेलेली,
कुणाच्या तरी काढ्यात उकळून
कुणाचं तरी रक्त शुद्ध करायला.

सकाळी शेठ आले तेव्हा
माझी बोटं तपकिरी, नखं फुटलेली,
जमिनीवर दोन ढीग.
"नाक गेलंय माझं," मी म्हणालो. "श्रावणापासनं."
ते लहान ढिगापाशी उकिडवे बसले
आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.
काय ठरवतील, अजून कळलेलं नाही.

पुढच्या बाजाराला वाळकू एकटाच आला.
त्याचं पोतं मी चाचपून घेतलं,
मग एक मुळी मोडून त्याच्या नाकाशी धरली.
"कसा येतो रे वास? कशासारखा?"
त्यानं दोनदा हुंगलं, कपाळाला आठी घातली,
खूप विचार केला.
"उपळसरीसारखा," तो म्हणाला.