मागचं चाक

सव्वापाचशे किलोमीटर रस्ते काढलेत आम्ही या खेळात.
तीन तळी, एक गोठलेला समुद्र, लाकडी चर्चची सहा गावं,
वाऱ्यावर आपापल्या चालीने हलणारी बर्चची झाडं.
आणि पहिल्याच वळणावर बाबा म्हणाले,
"तुइया, ही गाडी साबणाची वडी आहे."

एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला त्यांनी
युवास्क्युलाच्या उत्तरेला, खडीच्या रस्त्यांवर.
अर्धा भरलेला टँकर वळणात कसा मागे रेंगाळतो
आणि मग उशिरा कळल्यासारखा कसा अंगावर येतो,
हे त्यांच्या कमरेला ठाऊक आहे.
गेल्या मार्चमध्ये लायसन्स परत केलं.
नजर मधोमध पुसत चाललीय.
ठाण्यातल्या मुलीने कात्रीने त्याचा कोपरा कापला,
तेव्हा तिलाच म्हणाले, "जपून, प्लॅस्टिक बोटाला लागतं."

माझं काम आकड्यांचं.
टायरची पकड, स्प्रिंगचा ताठपणा,
स्टिअरिंग फिरल्यापासून नाक वळेपर्यंतचा उशीर.
यार्मो म्हणतो, नकाशा वाढवू, अजून चाळीस गाड्या टाकू.
मी म्हणते, गाडी हातात बसत नसेल
तर डोंगर म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर
आणि रस्ता म्हणजे दोन शर्यतींमधली शिक्षा.
लोक नकाशावर बोट ठेवतात, इथून उडून तिथे जातात.
सव्वापाचशे किलोमीटर, आणि चालवत कुणीच नाही.
यार्मो विचारतो, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू?

शुक्रवारी यंत्र घरी नेते.
वेलदोड्याचा पाव, कॉफी,
आणि बाबा टीव्हीसमोर तिरके बसलेले,
कारण त्यांना आता कडेनेच दिसतं.

"मागून वजन येत नाही."
मी मागच्या स्प्रिंगचा आकडा उतरवते.
"आता येतं. पण घाबरट आहे,
मी काही करायच्या आत आपली आपणच सावरते."
ती मदत होती, नवशिक्यांसाठी. मी अर्धी केली.
"ब्रेक सोडला की तिने श्वास घ्यायला हवा."
हा आकडा मला तीन आठवडे सापडला नाही.

सापडला त्या रविवारी बाहेर उणे एकोणीस होतं.
खडीवर गाडी आडवी गेली.
त्यांनी अंगठा किंचित उलटा दिला,
गाडीने क्षणभर विचार केला
आणि आली.
ओळखीचं म्हातारं कुत्रं येतं तशी, धावत नाही, पण येते.
ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

शर्यत सुरू व्हायची होती, पिवळा बाण गयावया करत होता.
त्यांनी बाणाकडे पाठ केली
आणि साठच्या वेगाने तळ्याकाठचा रस्ता धरला,
जिथे आम्ही काहीच ठेवलेलं नाही,
ना बक्षीस, ना गुण, ना लपवलेली गाडी.
चाळीस मिनिटं.
कॉफीवर साय धरली.

"हा रस्ता कुणी केला?"
"ओत्सो म्हणून एक मुलगा आहे. त्याला गाडी येत नाही चालवता."
"पुलाआधीचं वळण बरोबर घेतलंय. सांग त्याला."

मग डावा फाटा आला.
खेळात इंडिकेटर नाही. त्यासाठी बटणच नाही.
मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं,
तरी त्यांच्या डाव्या हाताची करंगळी
हवेतच जरा खाली झुकली,
थांबली,
आणि मग ते वळले.

सोमवारी यार्मोने विचारलं, काय बदललंस?
मी तीन आकडे सांगितले. तो म्हणाला, एवढंच?

ओत्सोला निरोप दिला.
त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कुठलं वळण?"
"पुलाआधीचं."
"ते?" म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.
"ते तर चुकून झालं होतं."