शिकायलो

उदगीरला, दाळमिलच्या मागं,
मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर एक खोली.
भाडं नऊशे. फळा माझा, खडू माझे,
सतरंज्या गणेश मंडळाच्या, वर्षातले दहा दिवस परत द्यायच्या.
रात्री आठला मिलचा भोंगा होतो
आणि तुरीचा भुस्सा केसांत घेऊन बब्रुवान येतो.
काट्यावर असतो तो, ट्रकांची वजनं लिहितो.
मुजम्मिल एसी दुरुस्त करतो, त्याला दम्मामला जायचंय.
दैवशाला ब्लाऊज शिवते. इंग्रजी कशाला, विचारलं तर म्हणाली,
"बघू की व सर, आधी शिकू तर द्या."

आज 'टू' आणि 'आयएनजी'.
वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस, यांच्यापुढं 'टू'.
एंजॉय, फिनिश, अव्हॉइड, यांना तो खपत नाही.
"कामून खपत न्हाई?" बब्रुवान.
मी म्हणतो, सासरचा रिवाज समजा, का नसतं विचारायचं.
"मग तर चुकणारच," दैवशाला.

लातूरच्या प्रशिक्षणात पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या,
फरक मातृभाषेतून दाखवा:
करणं वेगळं, करायला वेगळं.
बाई, आमच्याकडं ते इतकं वेगळं नाही.
आमच्याकडं आई फोनवर विचारते, काय करायलास?
आणि पोरगं सांगतं, जेवायलो.
जेवायला बसलो, तो 'टू'.
जेवायलो, ते 'आयएनजी'.
मध्ये एक मात्रा.
मुजम्मिल म्हणून बघतो:
दम्मामला जायला पैसे लागतात.
दम्मामला जायलो.
दुसरं वाक्य त्याला आवडतं, पुन्हा म्हणतो.
एजंटानं अजून पासपोर्ट परत दिलेला नाही.

'स्टॉप'ला दोन्ही चालतात, मी लिहितो, पण अर्थ फिरतो.
ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी: चहा प्यायला थांबला.
ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी: चहा सोडला.
"शुगर निघाली आसंल," बब्रुवान.

दैवशाला बराच वेळ लिहिते, नखानं खोडते,
मग वही पुढं करते.
माय सिस्टर स्टॉप्ड टू टॉक टू मी.
मी विचारतो, बोलायला थांबली, का बोलायची थांबली?
"बोलायची. चार वर्सं झाली.
भावाच्या हक्कसोडावर तिनं सही केली, म्या केली न्हाई."
मी पहिला 'टू' खोडतो, 'आयएनजी' लावतो.
"आता बरोबर?"
"बरोबर."
उसवून पुन्हा घातलेल्या शिवणीकडं बघावं
तशी ती त्या वाक्याकडं बघते.
"चुकलेलंच बरं होतं की सर."

पुढच्या आठवड्यात ती उशिरा आली.
लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात वर्ग चाललेला.
बसायच्या आधीच म्हणाली,
"सर, माय सिस्टर स्टॉप्ड."
पुढं?
"पुढं काई न्हाई. बाजारात, बरण्यांच्या गाड्यापाशी.
निस्ती थांबली.
पिशवी ह्या हातातली त्या हातात घेतली."

सांगायला हवं होतं वर्गाला
की 'स्टॉप'पुढं काहीच आलं नाही तरी वाक्य पुरं होतं,
व्याकरणात त्यालाही नाव आहे.
मी खडू शोधत राहिलो.
बब्रुवान म्हणाला, "ताई, हालत्या गाडीचं वजन येत न्हाई.
काट्यावर आधी थांबावंच लागतंय."
कुणी हसलं नाही.
मग लाईट आली, खालच्या दुकानात
तार गुंडाळायचं मशीन घरघरलं,
आणि मी फळा पुसून 'ट्राय' लिहिलं.
"ह्यालाबी दोन्ही चालतेत का?" दैवशालानं विचारलं
आणि पेनचं टोपण काढलं.