कॅसेट भरून मिळेल

म्हापशाच्या बाजारात चोरिसांच्या माळा संपतात
तिथून तिसरं दुकान.
चौदा वर्षं मी तिथं लोकांच्या आवडी भरल्या,
एका बाजूला तीस मिनिटं,
वर चाळीस सेकंद, कंपनी उदार असली तर.

यादी घेऊन यायचे. वहीचं पान,
कधी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
मी बेरीज करून सांगायची: साडेचार मिनिटं जास्त आहेत,
काहीतरी काढा.
आवड म्हणजे काय ते मला या बेरजेनं शिकवलं.
जे खोडायच्या आधी
माणूस पेन चावतो, ते.

शिवोलीचा एक पोरगा म्हणायचा,
सगळ्यात जलद वाजवणारा कोण, तोच घाला.
जलद मीही बघितलंय.
कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांची
बोटं दिसत नाहीत.
पण तिथं थांबून कुणी डोळे मिटत नाही.

मग आला आवेलिनो,
हळदोण्याचा, बोटीवरून सुट्टीला आलेला तारवटी.
नव्वदची कोरी कॅसेट ठेवली काउंटरवर:
‘बाय, गाणीं सोड. फकत सोलो घाल,
एकाफाटल्यान एक.’

दोन रात्री बसले.
गाणारा गप्प झाला की बटण दाबायचं,
त्यानं पुन्हा तोंड उघडायच्या आत उचलायचं.
बावीस सोलो भरले. एकही शब्द आत येऊ दिला नाही.

आठव्या दिवशी परत आला, तोंड पाडून.
म्हणाला, बावीस जण रडतायत
आणि कुणाच्याच घरात कुणी मेलेलं नाही.

पैसे मी परत केले नाहीत.
पण तेव्हापासून गाण्याची पहिली दोन कडवी
मी नीट ऐकते.
तहान लागायला वेळ लागतो.

आणि अजून एक सांगते, जे मला
फक्त त्या दोन रात्रींमुळे ठाऊक आहे,
कारण बोट बटणावर होतं:
चांगला वाजवणारा पहिला सूर उशिरा लावतो.
किंचित.
सुटलेल्या कदंबाच्या मागे धावत
दांडा पकडणाऱ्या माणसासारखा.
तो चढेपर्यंत आपलाच पाय
हवेत.

मग तार ओढतो,
वरच्या सुराच्या जरा अलीकडे धरून ठेवतो,
नाव जिभेवर यावं आणि येऊ नये, तसं.
काहीजण ते नाव घेतात.
मला न घेणारे आवडतात.

माझी यादी कधी कुणी मागितली नाही.
तीनच आहेत.

एकात नऊ सूर आहेत, मोजलेत.
तेच नऊ तो चार वेळा वाजवतो
आणि चौथ्या वेळी ते नऊ राहत नाहीत.

दुसरा मला अर्धाच येतो. तिथं बाजू संपते.
पुढचं एकदा एका हॉटेलात लागलं होतं,
मी चहा टाकून बाहेर आले.

तिसरा डेकनं खाल्लेला.
फीत गुंडाळली गेली होती रोलरला,
पेन्सिल घालून सोडवली, नखानं सपाट केली,
तरी एक सुरकुती राहिली.
त्या जागी सूर खाली बसतो,
ओल्या पायरीवर पाय पडल्यासारखा,
आणि सावरून वर येतो.
तीस वर्षं ऐकला तसा.
किती वेळा म्हटलं असेल मनात,
काय वाजवलंय मेल्यानं!

परवा नणंदेची वेदांगी आली,
फोनवर तेच गाणं लावलं, लख्ख.
तो सूर आला
आणि सरळ निघून गेला.

चुकला, मी म्हटलं.
मामी, ती म्हणाली, असंच आहे ते.

असेल.
माझी मान मात्र त्या जागी
आपली आपण
खाली गेली होती.