आठवी पट्टी

औषधांच्या दुकानाच्या दारावर कागद होता,
खाली कातरलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर तोच फोन नंबर.
सात कुणीकुणी फाडून नेलेल्या.
मी मोजल्या. मोजण्याचाच पगार घेतला मी बावीस वर्षं,
कोळशाच्या खाणीवर, दिव्यांच्या खोलीत:
माणूस खाली निघाला की त्याचा पितळी बिल्ला खिळ्यावर,
वर आला की बिल्ला त्याच्या हातात.
पाळी संपताना खिळे उघडे दिसले पाहिजेत.

सात माणसं. बितोमच्या या लाल विटांच्या वस्तीत,
जिथे कुणाकडे कोबी शिजतोय हे जिन्यातच कळतं,
सात जणांचं मला कळलं नव्हतं.
आठवी पट्टी मी फाडली
आणि हातमोज्यात सारली.

तीन आठवडे ती तिथेच राहिली.
घामाने शाई फुटली. शेवटचा आकडा तीन की आठ?
तीन लावून पाहिला. दातांचा दवाखाना.
तिथल्या बाईने सोमवारची वेळ दिली, मी हो म्हटलं.
खरं बोलण्यापेक्षा दाढ काढून घेणं सोपं वाटलं.

मग आठ.
एक खरखरीत आवाज म्हणाला, गुरुवारी सहाला,
कबुतरवाल्यांच्या संघाची खोली, मागचं दार.
नाव नको सांगू. बर्फ आहे, टोपी घालून ये.

पहिल्या गुरुवारी ट्रामच्या थांब्यापर्यंत गेले.
दुसऱ्या गुरुवारी दारापर्यंत;
आतून दाण्यांचा वास आला, कुणीतरी हसलं,
आणि मी परत फिरले, सरळ दुकानात.
तिसऱ्या गुरुवारी पाय घसरून पडले.
गंमत बघा, त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता.

दार उघडलं.
अलॉयझ कुबीत्सा. बिल्ला चारशे बारा.

नऊ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.
थर्मासमध्ये अर्धा चहा, अर्धी वोडका.
चारशे बाराच्या खिळ्यावर बिल्ला होता
आणि मला खिळा उघडा दिसला.
‘सगळे वर’ असं लिहून मी सही केली.
चार तासांनी तो आपला आपण वर आला,
खिळ्यावरून बिल्ला स्वतःच काढला,
माझ्याकडे न बघता निघून गेला.
तेव्हापासून मी तक्रारीची वाट पाहत होते.
वाट पाहायची म्हणून पीत होते.
न पिण्यालाच कधी निमित्त मिळालं नाही.

त्याने हात देऊन मला उभं केलं.
‘चारशे बारा,’ मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.
तो माझ्या कोटावरचा बर्फ झटकत राहिला.
‘तू त्या रात्री शुद्धीत असतीस
तर मला शोधायला माणसं उतरली असती.
सापडलो असतो मी, यंत्रामागे झोपलेला,
कुशीत बाटली. नोकरी गेली असती.
तुझ्या चुकीवर मी आणखी चार वर्षं प्यायलो, हिल्डा.’
हे त्याने असं सांगितलं
की आभार की ठपका, मला ठरवता येईना.
‘आत ये. स्टोव्ह तापलाय.’

भिंतीवर कबुतरांचे फोटो, खाली वर्षं आणि शर्यती.
चषकांवर धूळ.
खुर्च्यांवर चार जण, एक तर बेकरीतली रेनाटा,
जिच्याकडून मी रोज पाव घेते,
आणि तिची बोटं थंडीने थरथरतात असं समजते.
अलॉयझ धरून पाच. मी सहावी.
मी म्हणाले: हिल्डेगार्डा. आजचा एक दिवस.
एवढंच बोलले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.
चहा आला. सवयीने आधी हुंगला.

सातांतले उरलेले कुठे, मी विचारलं नाही.
अजून खाली आहेत,
इतकं मला खिळे बघून कळतं.

निघताना अलॉयझने नवा कागद पुढे केला, आणि कात्री.
जुना भिजलाय म्हणाला, आणि तुला मोजता येतं.
कात्रीने कापायचं, तर हातच कापत होता.
पट्ट्या वाकड्यातिकड्या आल्या. बारा केल्या.
प्रत्येकीवर शेवटचा आकडा
जरा मोठा, दोनदा गिरवून: आठ.